स्प्रिंग काढली, आता पातं बंद कोण ठेवणार?

पन्हाळा, विशाळगड किंवा राधानगरीच्या जंगलात फिरणाऱ्यांच्या सॅकमध्ये कधीकधी स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा घडीचा चाकू दिसतो. अंगठ्याने पातं जरासं ढकललं की पुढचं काम स्प्रिंग करते. कुणाला तो झटका नकोसा होतो. कुणाची स्प्रिंगच तुटते, कारण दर उघडझापीला तार ताण सोसते आणि शेवटी धातू थकतो. मग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चाकू जातो: स्प्रिंग काढून टाका, हातानेच उघडू. काम किरकोळ वाटतं. खरी गोम अशी की ही स्प्रिंग दोन कामं करत असते आणि आपल्या डोळ्यांत भरतं एकच.

दुचाकीचा साइड स्टँड आठवा. स्टँड वर असताना स्प्रिंग त्याला वरच ओढून धरते. पायाने ढकलला की अर्ध्या वाटेवरून तीच स्प्रिंग त्याला खाली ओढते. मधे एक जागा अशी येते, जिथे स्प्रिंगच्या ओढीची रेषा नेमकी, स्टँड ज्याभोवती फिरतो त्या खिळ्याच्या मध्यातून जाते. बल गुणिले खिळ्यापासूनचं लंब अंतर म्हणजे टॉर्क. अंतर शून्य झालं की टॉर्कही शून्य. त्या बिंदूच्या एका बाजूला ओढ मिटण्याकडे, दुसऱ्या बाजूला उघडण्याकडे. चाकूतही हाच खेळ आहे. बंद चाकूत स्प्रिंग पात्याला मुठीत दाबून धरते, आणि आपला अंगठा त्याला तो बिंदू ओलांडून देतो.

खटक्याच्या चाकूचं तसं नसतं. त्यात स्प्रिंग सतत उघडायलाच बघते, फक्त खटका तिला अडवून धरतो. अमेरिकेने १९५८ च्या केंद्रीय कायद्याने असल्या चाकूंच्या राज्याराज्यांमधल्या व्यापारावर बंदी घातली, आणि २००९ च्या दुरुस्तीत स्प्रिंग-मदतीच्या चाकूंना सूट दिली. निकष हाच होता: पात्याची ओढ मिटण्याकडे आहे का?

म्हणून स्प्रिंग काढल्यावर पहिला प्रश्न, ती ओढ आता कोण देणार? पुष्कळ चाकूंत पातं अडकवणारी लॉकची पट्टी असते. ती आतल्या अंगाला किंचित वाकवलेली असते, म्हणजे ती स्वतःच एक पट्टी-स्प्रिंग. तिच्यात साधारण दीड मिलिमीटरचा छर्रा ठोकून बसवलेला असतो. पातं मिटलं की तो पात्याच्या बुडावरच्या बारीक भोकात उतरतो. इथली कारागिरी बघण्यासारखी आहे. छर्रा भोकाच्या बरोबर मध्यात बसत नाही, तर काठावर टेकतो. पट्टीचा दाब त्या उतारावरून घसरायला बघतो आणि पातं आणखी आत ओढलं जातं. भोक केसभर सरकलं तरी ही ओढ जाते आणि पातं मुठीत खुळखुळतं.

मुळात स्प्रिंग असलेल्या चाकूत ही पकड बरेचदा नावापुरती ठेवलेली असते, कारण तिची गरजच नसते. पट्टी थोडी आत वाकवली की पकड वाढते. जास्त वाकवली तर लॉक अडकतं आणि पात्यावर चरे पडतात. पकड दणकट असण्याचा आणखी एक फायदा आहे. बोट पात्याच्या कानावर, म्हणजे मिटल्यावरही मुठीबाहेर राहणाऱ्या उंचवट्यावर, जोर देतं, छर्रा अडवतो, आणि तो सुटतो त्या क्षणी साठलेला जोर एकदम पात्याला मिळतो. पकड ढिली असेल तर बोट नुसतं घसरतं आणि पातं अर्ध्यात थांबतं.

मग येतं घर्षण. स्प्रिंगच्या जोराखाली खडबडीत वायसर खपून जातो. हाताने उघडताना प्रत्येक खरखर बोटाला कळते. फॉस्फर ब्राँझचे वायसर काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासावेत, थेंबभर मशीन ऑइल द्यावं. खिळ्याचा स्क्रू आवळला तर पातं जड, सैल केला तर उद्यमनगरच्या भाषेत ‘प्ले’ येतो. योग्य जागा पाव फेऱ्याच्याही आत सापडते. ती सापडली की स्क्रूला लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब लावावा, पण तो वायसरपर्यंत पोचू देऊ नये.

खोलताना डोळ्यांवर चष्मा हवाच, ताणलेली स्प्रिंग उसळते. जोडून झाल्यावर मिटलेला चाकू, पात्याचं टोक जिथून बाहेर येतं ती बाजू खाली करून, मोकळ्या जागी मनगटाने दोन-चार वेळा जोरात हिसडावा. पातं एकदा जरी बाहेर डोकावलं, तरी तो चाकू खिशात घालायचा नाही: स्प्रिंग परत बसवा, किंवा पट्टी पुन्हा दुरुस्त करा.