तबकडी नव्हती, मग लष्कराचं विमान होतं का?

सूर्यास्त सगळ्या उंचीवर एकाच वेळी होत नाही. २० किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे साडेचार अंश खाली दिसतं. त्यामुळे खाली दिवेलागण झाली, तरी वर आणखी वीसएक मिनिटं ऊन रेंगाळतं. १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, ग्रूम लेक या कोरड्या सरोवराच्या पात्रावरून सीआयएचं यू-२ हे टेहळणी विमान उडू लागलं आणि या वीस मिनिटांनी उडत्या तबकड्यांबाबत बराच घोळ घातला.

त्या काळी प्रवासी विमानं १० ते २० हजार फुटांवरून जात. लष्कराची बॉम्बफेकी विमानंही साधारण ४० हजारांच्या आतच असत. यू-२ मात्र ६० हजार फुटांच्या वर जायचं. एवढ्या उंचीवर माणूस बसलेलं विमान उडू शकतं, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या यू-२ ना रंग दिलेला नव्हता, सगळा चंदेरी पत्रा उघडा. संध्याकाळी पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाला समोर सूर्य बुडालेला दिसायचा, आणि त्याच वेळी कितीतरी वर काहीतरी पेटल्यासारखं लखलखायचं. वैमानिक ते नियंत्रण कक्षाला कळवत, काही जण हवाई दलाला पत्रही लिहीत. ही पत्रं ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’च्या टेबलावर येत. उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासण्याचं काम या प्रकल्पाकडे होतं. तिथले अधिकारी सीआयएच्या माणसांना विचारून यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदींशी तारीख-वेळ ताडून पाहत. ती जुळली की प्रकरण मिटलं. पत्र लिहिणाऱ्याला मात्र खरं कारण सांगायची सोय नव्हती.

तबकड्यांवर विश्वास नसलेल्या आम्हा मंडळींना ही हकिकत फार आवडते. तिच्यात सगळं आहे: प्रामाणिक साक्षीदार, खरी वस्तू, साधं भौतिकशास्त्र आणि परग्रहवासीयांची अजिबात गरज नाही. पुढे सीआयएच्या इतिहासकारांनी तर मोठाच दावा केला. १९५० च्या दशकाचा शेवट आणि १९६० चं दशक मिळून आलेल्या यूएफओच्या, म्हणजे अज्ञात उडत्या वस्तूंच्या, नोंदींपैकी निम्म्याहून जास्त नोंदी यू-२ आणि त्याच्या मागून आलेल्या, आवाजाच्या तिपटीहून वेगवान ए-१२ या विमानांच्या होत्या, असं त्यांनी लिहिलं. १९९७ मध्ये हे छापून आलं आणि तेव्हापासून संशयवादी लोक ते पाठ म्हणून दाखवतात.

इथे जरा थांबायला हवं. एखाद्याने ‘निम्म्या तबकड्या परग्रहावरून आल्या होत्या’ म्हटलं असतं तर आपण लगेच आकडे मागितले असते. मग सीआयएकडेही मागायला काय हरकत आहे?

ब्लू बुककडच्या नोंदींचे वर्षवार आकडे उपलब्ध आहेत. सर्वांत जास्त, १,५०१ नोंदी १९५२ च्या आहेत. तेव्हा यू-२ कागदावरही आलेलं नव्हतं. विमान उडू लागलं त्या १९५५ मध्ये ५४५ नोंदी, पुढच्या वर्षी ६७०. १९५७ मध्ये आकडा १,००६ वर गेला खरा, पण त्यातला मोठा वाटा ऑक्टोबरात स्पुटनिक उडाल्यानंतरच्या महिन्यांचा आहे. सगळा देश तेव्हा मान वर करून आकाश न्याहाळत होता. १९५९ मध्ये यू-२ भरात होतं आणि नोंदी फक्त ३९०. शिवाय १९५६ पासून या विमानांची खरी कामगिरी अमेरिकेबाहेर, सोव्हिएत हद्दीवर चालू झाली होती. सरावाची उड्डाणं मायदेशात होत राहिली, पण तेवढ्यावर निम्म्याहून जास्त नोंदींचा भार टाकायचा तर पुरावा त्याच तोलाचा हवा. कोणती नोंद कोणत्या उड्डाणाशी जुळली, याची यादी त्या दाव्याबरोबर दिलेली नाही. यू-२ मुळे काही लोक फसले यात मला शंका नाही. ‘निम्म्याहून जास्त’ हे मात्र मी अजून उधारीवरच ठेवलं आहे.

पुरावा कसा असावा याचं उत्तम उदाहरण रॉसवेलचं. १९४७ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या एका गुराख्याला माळरानावर रबराचे तुकडे, चंदेरी कागद, हलक्या लाकडाच्या काड्या आणि चिकटपट्ट्या पसरलेल्या सापडल्या. ८ जुलैला रॉसवेलच्या लष्करी विमानतळाने चक्क ‘उडती तबकडी ताब्यात घेतली’ असं पत्रक काढलं. लगोलग खुलासा झाला की तो हवामानाचा फुगा होता. लोकांनी तो मानला आणि विषय तीसएक वर्षं कोणाच्या डोक्यातही नव्हता. १९७८ नंतर जुन्या साक्षीदारांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि मग यान आलं, प्रेतं आली, गुप्त तळघरंही आली.

हवामानाच्या फुग्याची गोष्ट अर्धी खरी होती. फुगे हवामानखात्याच्याच धर्तीचे होते, हेतू मात्र वेगळा होता. सोव्हिएत संघ अणुस्फोट करील तेव्हा तो हजारो किलोमीटरवरून ऐकता येईल का, हे शोधणारा ‘प्रोजेक्ट मोगल’ तेव्हा चालू होता. त्यामागची कल्पना सुंदर आहे. जमिनीपासून वर जावं तसं तापमान घटतं आणि थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो. आणखी वर, स्थितांबरात, तापमान पुन्हा वाढू लागतं आणि वेगही वाढतो. मधल्या पट्ट्यात वेग सर्वांत कमी. ध्वनिलहर नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळते. म्हणून या पट्ट्यात शिरलेला आवाज वर जाऊ पाहिला तरी खाली वळतो आणि खाली जाऊ पाहिला तरी वर, आणि तसाच फार दूरवर वाहत जातो. मॉरिस युइंग या भूभौतिकशास्त्रज्ञाने समुद्रात असाच थर अभ्यासला होता. हवेतल्या थरात मायक्रोफोन टांगून ठेवायचा तर फुग्यांची माळच हवी: शेकडो फूट लांब दोरी, तिला वीसहून जास्त फुगे आणि रडारवर दिसावेत म्हणून काड्यांवर चंदेरी कागद चिकटवलेले परावर्तक.

त्यांपैकी ४ जून १९४७ ला अलामोगोर्दोहून सोडलेली माळ रॉसवेलच्या माळरानावर पडली, असा निष्कर्ष हवाई दलाने १९९४ मध्ये काढला. मला तो पटतो, कारण तपशील एकमेकांशी जुळतात. सापडलेलं सामान आणि परावर्तकाचं सामान एकच. काही साक्षीदारांना काड्यांवर ‘चित्रलिपी’ दिसली होती. फुगे सोडणाऱ्या चमूतल्या चार्ल्स मूर यांना आठवत होतं की परावर्तकांना लावलेल्या चिकटपट्टीवर फुलांची गुलाबी-जांभळी नक्षी होती. ते परावर्तक एका खेळण्यांच्या कारखानदाराने बनवले होते! रॉसवेलच्या अधिकाऱ्यांना मोगलबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. एवढंच काय, खुद्द मूर यांनाही प्रकल्पाचं गुप्त नाव कितीतरी वर्षांनी कळलं.

तीन वर्षांनी हवाई दलाने दुसरा अहवाल काढला आणि कमावलेलं घालवलं. लोकांनी पाहिलेली ‘परग्रहवासीयांची प्रेतं’ म्हणजे हवाई छत्र्यांच्या चाचणीसाठी उंचावरून टाकलेले मानवाकृती पुतळे, असं त्यात म्हटलं होतं. हे पुतळे १९५० च्या दशकात टाकले गेले, घटना १९४७ ची. साक्षीदारांच्या आठवणींत वर्षांची सरमिसळ झाली, असा त्यावरचा युक्तिवाद. अशक्य नाही, पण तारीख जुळत नसतानाही स्पष्टीकरण स्वीकारायचं ठरवलं तर मग परग्रहवाल्यांना कोणत्या तोंडाने अडवणार?

‘गुप्त विमान असेल’ हे उत्तर साफ चुकल्याचीही उदाहरणं आहेत. २९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी बेल्जियममध्ये ऑइपेन गावाजवळ पोलिसांनी दिवे लावलेलं मोठं त्रिकोणी काहीतरी पाहिलं. त्यानंतर अनेक महिने देशभरातून तशाच बातम्या येत राहिल्या. अमेरिकेने वर्षभरापूर्वीच एफ-११७ हे रडारला चकवणारं कोनाकोनाचं विमान जाहीर केलं होतं. त्यामुळे हुशार माणसांनी लगेच निदान केलं: तेच ते. पण लोक सांगत होते की वस्तू आवाज न करता, अगदी संथ, कधी एकाच जागी तरंगत होती. एफ-११७ हे जेट विमान, हवेत थांबणं त्याला जमत नाही. बेल्जियमने अमेरिकेला विचारलं. आमचं असं विमान तुमच्या हद्दीत उडालेलं नाही, असं उत्तर आलं. या साऱ्या प्रकरणाची ओळख बनलेलं छायाचित्र, काळ्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर तीन दिवे, थर्माकोलचा तुकडा रंगवून तयार केलं होतं. ते करणाऱ्याने २०११ मध्ये स्वतःच कबूल केलं. म्हणजे त्या फोटोत तबकडीही नव्हती आणि विमानही नव्हतं.

गुप्ततेने आणखी एक नुकसान केलं आहे. यू-२ च्या काळात सरकारने फक्त खरं कारण लपवलं होतं, असं निदान म्हणता येतं. जून २०२५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिलेली बातमी त्यापुढची आहे. पेंटॅगॉनच्याच, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्याच, चौकशीत असं आढळलं की १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने ग्रूम लेकजवळच्या बारमालकाला तबकड्यांचे बनावट फोटो नेऊन दिले होते. एफ-११७ कडे कोणाचं लक्ष जाऊ नये, हा हेतू. म्हणजे ‘सरकार काहीतरी लपवतंय’ म्हणणारे बरोबर होते, फक्त काय लपवतंय ते त्यांनी उलटं धरलं. आता तेच पेंटॅगॉन २०२४ च्या अहवालात सांगतं की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कसलाही पुरावा नाही. हे मला खरं वाटतं. ज्याला वाटत नाही त्याला मात्र मी मूर्ख म्हणणार नाही.

एक समज असाही असतो की लष्कराला तरी आकाशात काय चाललंय ते कळत असणार. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरातल्या आपल्या जवानांनी पूर्वेच्या आकाशात प्रकाशमान वस्तू पुन्हा पुन्हा पाहिल्या. पूर्वेला चीन. ३२९ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने ताबारेषा ओलांडल्याचा शेरा पडला. चिनी ड्रोन असावेत, अशी शंका होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं गेलं. वस्तू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर कशी सरकते हे पाहिल्यावर उलगडा झाला: एक गुरू, दुसरा शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू संध्याकाळी पूर्वेला उगवत होता आणि शुक्र पहाटे. तिथली हवा विरळ, त्यामुळे ग्रह आणखी तेजस्वी दिसतात. अंधारात एकट्या प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटतो, हा आपल्या डोळ्यांचा जुना खोडसाळपणा. शत्रूची वाट पाहत रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या माणसाला तो शत्रूच वाटणार.

खरोखर लष्करी वस्तू असते तेव्हा गोष्ट अनेकदा लवकर मिटते. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी पश्चिम बंगालमध्ये लोकांनी आकाशात विलक्षण प्रकाशझोत पाहिला आणि मोबाइलवर व्हिडिओ धावू लागले. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून अग्नी-५ ची चाचणी झाली होती. सूर्य मावळून पाऊण तास झालेला, तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन होतंच. यू-२ चीच गोष्ट, फक्त जास्त उंचीवर. ते क्षेत्र टाळण्याची सूचना वैमानिकांसाठी आधीच निघालेली असल्याने तारीख, वेळ, दिशा सगळं तपासता आलं. त्याच वर्षी २ एप्रिलला विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेले गोळेही असेच ओळखता आले. उल्का क्षणार्धात विझते. हे तुकडे मात्र सावकाश, एकामागून एक, आडवे गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, तेव्हा चिनी रॉकेटचा टप्पा कोसळल्याचं निदान पक्कं झालं.

कधी वस्तू ओळखता येत नाही, पण तिच्याबद्दलचा अचाट दावा मोजता येतो. २०१५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेला ‘गोफास्ट’ नावाचा व्हिडिओ घ्या. त्यात एक ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो. हे कोणाचं तरी गुप्त यान, अमेरिकेचं नाहीतर परग्रहाचं, अशी दोन्ही तटांची खात्री. पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि ठिपक्याचं अंतर छापलेलं आहे. शाळेतली त्रिकोणमिती लावली की ठिपका लाटांना घासून जात नव्हता, १३ हजार फुटांवर होता असं निघतं. धावत्या एसटीतून पाहताना जवळचं झाड लांबच्या डोंगरावरून पळत सुटल्यासारखं दिसतं, तसा विमानाचा स्वतःचा वेग त्या ठिपक्याला चिकटला होता. २०२३ मध्ये नासाच्या अभ्यासगटाने त्याचा खरा वेग ताशी सुमारे ४० मैल काढला. एवढा वेग त्या उंचीवरच्या वाऱ्यालाही असतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत चीनचा हेरगिरीचा फुगा अमेरिकेवरून गेला आणि ४ तारखेला पाडला गेला. रडारवर पक्षी आणि फुटकळ वस्तूंची गर्दी होऊ नये म्हणून फार संथ वस्तू गाळल्या जातात. फुग्याच्या धसक्याने ती गाळणी सैल केली. मग १०, ११ आणि १२ तारखेला, रोज एक, अशा तीन अज्ञात वस्तू अलास्का, कॅनडातला युकॉन प्रदेश आणि ह्युरॉन सरोवर यांवर सापडल्या आणि लढाऊ विमानांनी त्या पाडल्या. इलिनॉयमधल्या काही हौशी मंडळींचा चंदेरी कागदाचा छोटा फुगा १० तारखेला अलास्काच्या किनाऱ्याजवळून शेवटचा संदेश देऊन गप्प झाला होता, आणि वाऱ्याच्या हिशेबाने तो दुसऱ्या दिवशी युकॉनवर असायला हवा होता. तो पाडला गेला असा दावा त्या मंडळींनी केला नाही. पाडणारं क्षेपणास्त्र चार लाख डॉलरहून महाग होतं. पुढच्या आठवड्याभरात अलास्का, युकॉन आणि ह्युरॉन इथले शोध थांबवण्यात आले, आणि तोवर एकाही वस्तूचा अवशेष हाती लागला नव्हता.