ग्रँट डफ: साताऱ्याचा साहेब आणि त्याची बखर

मराठ्यांच्या इतिहासावर वाद सुरू झाला की कोणीतरी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफला मध्ये आणतोच, आणि बहुतेक वेळा शिव्या घालायलाच. पण हा माणूस मुळात इतिहासकार नव्हताच, ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी कॅप्टन होता हो.

जन्म १७८९, स्कॉटलंडमधलं बॅन्फ. १८०५ मध्ये पोरवयातच मुंबईच्या फौजेत भरती होऊन इकडे आला. देशी भाषा चांगल्या येत होत्या, त्यामुळे पुण्याचा रेसिडेंट (म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील) एल्फिन्स्टन याच्या नजरेत भरला आणि त्याचा असिस्टंट झाला, तिथून त्याचं नशीबच पालटलं म्हणा ना.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्यांबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टननं त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं खरं पण कारभार ठेवला ग्रँटकडे (तेव्हा तो नुसता ग्रँट, 'डफ' पुढे इस्टेट मिळाली तेव्हा जोडलं), म्हणजे नावाला महाराज आणि हुकूम साहेबाचा. १८२२ मध्ये अधिकार महाराजांकडे सोपवले आणि तब्येत खालावल्यामुळे साहेब मायदेशी गेला.

आता मुद्दा असा की ही चार वर्षं नसती तर त्याचं मराठ्यांच्या इतिहासावरचं ते पुस्तकही नसतं. पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, साताऱ्याचे जुने कागद हाताशी, शिवाय सरदार घराण्यांकडून बखरी आणि सनदा मिळायच्या. साहेबानंच मागितल्यावर नाही कोण म्हणणार! नुसत्या विद्वानाला कोणी दारातही उभं केलं नसतं. १८२६ मध्ये लंडनला तीन खंड निघाले पण खप काही नाही, उलट पदरचे पैसे गेले. काही वर्षांतच मराठीत भाषांतर झालं, कॅप्टन डेव्हिड केपननं केलेलं, आणि आपली पोरं आपल्याच राज्याचा इतिहास साहेबाच्या पुस्तकातून वाचायला लागली.

मग ठिणगी पडली. १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं पुण्यात डफच्या पुस्तकावर, म्हणजे या 'बखरी'वर सडकून टीका केली. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेला वणवा, अशा थाटाचं डफचं म्हणणं, ते न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या पुस्तकात खोडून काढलं, ह्या उदयाच्या मुळाशी लोकांची तयारी होती असं ते म्हणाले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी तर १८९८ पासून मूळ कागदांचे खंडच छापायला घेतले. माझं स्वतःचं मत विचाराल तर वणव्याची उपमा चुकलीच, पण तारखा आणि लढायांचा सांगाडा उभा करायला त्यानं घेतलेली मेहनत नाकारता येत नाही, आणि शिव्या घालणाऱ्यांनी निदान एक खंड तरी वाचावा.

डफ १८५८ मध्ये वारला. पोराचं नाव त्यानं जुन्या साहेबावरूनच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं होतं, तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. आणि साताऱ्याचं राज्य? प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं, हे डफच्या हयातीतच.