क्वांटम गटांच्या प्रतिरूपणांतील प्रतलीय जाळी

क्वांटम गट म्हणजे नेहमीच्या सममिती-गटाचे क्यू या चलावर अवलंबून असलेले बदललेले रूप, आणि प्रतिरूपण म्हणजे त्याची एखाद्या सदिश अवकाशावरील क्रिया. क्वांटम गटाच्या प्रतिरूपणांचे टेन्सर गुणाकार (दोन अवकाशांपासून एक मोठे अवकाश बनवण्याची रीत) आणि त्यांच्यामधील, गटाच्या क्रियेशी सुसंगत असलेली रेषीय चित्रणे कागदावर काढलेल्या आलेखांनी दाखवण्याच्या पद्धतीतील आकृत्यांना जाळी म्हणतात. आलेखाची कडा म्हणजे एक प्रतिरूपण, शिरोबिंदू म्हणजे एक चित्रण. एका आकृतीवर दुसरी रचली की चित्रणांचे संयोजन होते आणि आकृत्या शेजारी-शेजारी ठेवल्या की टेन्सर गुणाकार.

सर्वांत साधे रूप एसएल(२) चे, म्हणजे निर्धारक १ असलेल्या २×२ सारणींच्या गटाशी संबंधित. त्यात शिरोबिंदू नसतात, फक्त एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा असतात. वर तीन आणि खाली तीन बिंदू घेतल्यास ते अशा रेषांनी जोडण्याच्या नेमक्या ५ रीती निघतात. टेम्पर्ली आणि लीब यांनी १९७१ मध्ये या आकृत्यांमागचे बीजगणित सांख्यिकीय भौतिकीसाठी मांडले, पुढे गाठी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला मदत करणाऱ्या जोन्स यांच्या बहुपदीमागे तेच आढळले, आणि कॉफमन यांनी त्याला चित्ररूप दिले.

ग्रेग कुपरबर्ग यांनी १९९६ मध्ये एसएल(३) सह कोटी (बीजगणिताच्या आकाराचे एक माप) २ असलेल्या बीजगणितांसाठी असे नियम दिले आणि त्या संपूर्ण रचनेला ‘कोळी’ हे समर्पक नाव दिले. एसएल(३) च्या जाळ्यात प्रत्येक शिरोबिंदूवर तीन कडा मिळतात, आणि त्या तिन्ही एक तर आत येतात किंवा बाहेर जातात. चिन्हांचा एक प्रचलित संकेत धरल्यास नियम तीनच आहेत: सुटे वर्तुळ पुसून क्वांटम ३ ने गुणावे, म्हणजे क्यूचा वर्ग, १ आणि त्या वर्गाचा व्यस्त यांच्या बेरजेने; दोन बाजूंचा प्रदेश मिटवून एकच कडा ठेवावी व क्वांटम २ ने, म्हणजे क्यू आणि त्याचा व्यस्त यांच्या बेरजेने गुणावे; आणि चौकोनाच्या जागी त्याच्या समोरासमोरील बाजूंच्या दोन जोड्यांपासून मिळणाऱ्या दोन आकृत्यांची बेरीज लिहावी.

एवढे नियम पुरतात, हेच या विषयाचे खरे सौंदर्य. कडांच्या दिशांमुळे प्रत्येक प्रदेशाच्या बाजू सम असतात, आणि ऑयलरच्या सूत्रानुसार बंद प्रतलीय जाळ्यात सहापेक्षा कमी बाजूंचा प्रदेश असावाच लागतो. म्हणून द्विकोन किंवा चौकोन सापडतो, आकृती लहान होत जाते आणि शेवटी एक संख्या उरते. दोन शिरोबिंदू तीन कडांनी जोडले, तर द्विकोन मिटून वर्तुळ राहते आणि किंमत येते क्वांटम २ गुणिले क्वांटम ३. क्यू = १ ठेवल्यास ती ६ होते, आणि शिरोबिंदूपाशी रंग न जुळू देता त्या कडा तीन रंगांत रंगवण्याच्या रीतीही ६ च आहेत.

सीमेवर बिंदू असलेल्या जाळ्यांत, ज्यांच्या आत द्विकोन, चौकोन वा सुटे वर्तुळ नाही अशी जाळी निश्चल, म्हणजे क्वांटम गटाच्या क्रियेने न बदलणाऱ्या, सदिशांच्या अवकाशाचा आधार ठरतात. हा आधार क्वांटम गटांच्या सिद्धांतातून येणाऱ्या द्वैती प्रमाण आधार नावाच्या दुसऱ्या आधाराशी जुळेल असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र खोवानोव्ह आणि कुपरबर्ग यांनी १९९९ मध्ये १२ सीमाबिंदूंच्या एका जाळ्यापाशी ते दोन्ही वेगळे असल्याचे दाखवले. एसएल(एन) साठी नियमांची पूर्ण यादी कौटिस, काम्निट्झर आणि मॉरिसन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.