सावत्र मुलाचं नाव कंपनीच्या विम्यात घालताना
(आमच्याकडून कागदांचं भाषांतर करून घेणाऱ्या अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी)

पत्नीचं किंवा पतीचं पहिल्या लग्नातलं मूल नोकरीच्या हेल्थ आणि डेंटल विम्यात कसं घालायचं, हे आमचे ग्राहक वारंवार विचारतात. विचारतात तेव्हा बहुधा मुदत संपत आलेली असते. म्हणून आधी मुदतीबद्दल.

1996 च्या हिपा (HIPAA) या अमेरिकेच्या आरोग्य विमा कायद्यानुसार लग्नानंतर नवे कुटुंबीय विम्यात घेण्यासाठी किमान 30 दिवस मिळतात आणि ते लग्नाच्या तारखेपासून मोजतात. घोळ इथेच होतो. महाराष्ट्रातल्या विवाह प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असते. लग्न 12 जूनला लागलं आणि नोंदणी 9 जुलैला झाली, तर 9 जुलैपासून दिवस मोजणाऱ्याच्या हातात खरं तर तीनच दिवस उरलेले असतात. मूल विमानातून उतरलं ती तारीखही सहसा चालत नाही. काही कंपन्या ती वेगळा लाइफ इव्हेंट (म्हणजे वर्षाच्या मध्येच विमा बदलू देणारा कौटुंबिक बदल) म्हणून मान्य करतात, पण तसं एचआरकडून ई-मेलवर लिहून घ्या. ओळखीचं कोणी 60 दिवस सांगत असेल, तर ती मुदत सरकारी मार्केटप्लेसची, म्हणजे लोक स्वतः विमा विकत घेतात त्या बाजाराची आहे, नोकरीच्या विम्याची नव्हे.

कागद जमले नाहीत म्हणून थांबू नका. मुदतीत पोहोचायला हवी ती विनंती. कंपनीच्या विमा पोर्टलवर लाइफ इव्हेंट नोंदवा आणि पावती जपून ठेवा. पुरावे अपलोड करायला कंपन्या सहसा वेगळी मुदत देतात. एच-4 वर (एच-1बीसारख्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आलेल्या मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर सहसा मिळतच नाही. अर्जातली त्या नंबरची चौकट अडत असेल तर एचआरला फोन करा, नंबरची वाट पाहू नका. कव्हरेज उशिरात उशिरा विनंतीनंतरच्या महिन्याच्या 1 तारखेला सुरू होतं, म्हणजे 28 जूनला अर्ज केला तर 1 जुलै, 3 जुलैला केला तर 1 ऑगस्ट. मुदत हुकली की पुढची ओपन एनरोलमेंट (सगळ्यांना विमा निवडण्याचा वर्षातला ठरलेला काळ), आणि बहुतेक ठिकाणी त्याचं कव्हरेज थेट 1 जानेवारीपासून.

नात्याच्या रकान्यात ‘चाइल्ड’ नको, ‘स्टेपचाइल्ड’ निवडा. ‘चाइल्ड’ निवडलं की तपासणारा जन्मदाखल्यावर तुमचं नाव शोधतो, ते नसतं आणि अर्ज परत येतो. सावत्र मुलासाठी दोन कागद जोडीने लागतात: तुमचं विवाह प्रमाणपत्र आणि मुलाचा जन्मदाखला. दोन्हींवर समान असायला हवं ते तुमच्या जोडीदाराचं नाव.

आपल्याकडे नेमकं तेच जुळत नाही. जन्मदाखल्यात आईच्या नावापुढे पहिल्या पतीचं नाव आणि आडनाव, नव्या पासपोर्टवर तुमचं. अशा वेळी तिसरा कागद जोडावा लागतो: घटस्फोटाचा हुकूमनामा, पहिल्या पतीचा मृत्यूदाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, ज्यातून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दिसेल. आम्ही भाषांतर हाती घेण्याआधी तिन्ही कागद आणि पासपोर्टची प्रत मागतो, याचा काहींना त्रास वाटतो. पण एकाच बाईचं नाव तीन कागदांवर तीन स्पेलिंगांनी गेलं तर अर्ज पुन्हा अडकतो; सगळं समोर असलं की आम्ही स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे एकसारखं ठेवतो आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडतो. जुना, फक्त मराठीतला दाखला असेल तर तो लग्नाआधीच आणून दिलात तर उत्तम.

डेंटलची निवड वेगळी करावी लागते. हेल्थमध्ये नाव घातलं म्हणून ते डेंटलमध्ये आपोआप जात नाही. स्वतंत्र डेंटल प्लॅनला हेल्थचे सगळे नियम लागू नसतात, त्यामुळे मुलांसाठीची वयोमर्यादा हेल्थच्या 26 वर्षांपेक्षा कमी असू शकते. दातांना तारा आधीच बसवलेल्या असतील तर चालू उपचाराचा खर्च मिळेल का, हे प्लॅनच्या पुस्तिकेत पाहा. फॅमिली दराने प्रीमियम भरत असलात तरी मुलाचं नाव घालावंच लागतं. त्या दरात आणखी एका मुलाने हप्ता सहसा वाढत नाही.

प्लॅनमध्ये सावत्र मूल बसतं ना, हेही समरी प्लॅन डिस्क्रिप्शनमध्ये (प्लॅनच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत) वाचून घ्या. बहुतेक प्लॅन घेतात, पण 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांवर मुलांना विमा देण्याची जी सक्ती आहे, तिच्यात सावत्र मुलं मोडत नाहीत.

मुलाच्या सख्ख्या वडिलांचाही अमेरिकेत विमा असेल, तर कोर्टाच्या हुकुमात मुलाच्या विम्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचा विमा आधी पैसे देतो. हुकूम नसेल तर सहसा ताबा असलेल्या आईचा, मग तुमचा, मग वडिलांचा. हुकुमाचं ते पान डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत द्या.