फ्रिजमधली बाटली आणि डोक्यातली चुंबळ

मे महिन्यात परभणीजवळच्या एका वराहपालकाकडे गेलो होतो. पाण्यासाठी त्यांनी फ्रिज उघडला, तर दारात लोणच्याच्या बरणीशेजारी कृत्रिम रेतनासाठी आणलेली नर डुकराच्या वीर्याची बाटली. तळाशी पांढरट थर बसलेला.

"जितकं गार तितकं टिकतंय की सर. गाईच्या कांड्या नायट्रोजनमध्ये उणे १९६ला ठेवतेतच ना?"

वळूचं रेत गोठवण्याआधी त्यात ग्लिसरॉल घालतात आणि ते बऱ्यापैकी निभावतं. डुकराचे शुक्राणू मात्र १५ अंशांखालीच ढेपाळू लागतात. त्यांच्या पटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात, कोलेस्टेरॉल कमी, असंतृप्त मेद भरपूर. गारठ्यात हे मेद तुपासारखे जागोजागी थिजतात आणि पटल गळकं होतं. म्हणून हे वीर्य पोषक द्रावणात पातळ करून १७ अंशांच्या आसपास ठेवायचं.

पण १७ अंशांना शुक्राणू झोपत नाही, पेंगतो. श्वसन चालूच राहतं, त्यातून ऑक्सिजनचे आगाऊ रेणू सुटतात. करडईचं तेल खवट होतं तसे पटलातले मेद खवटतात, आणि पुढचा घाव डीएनएवर पडू शकतो.

खरी गंमत त्या डीएनएच्या बांधणीत आहे. पाऊण मीटरहून लांब धागा, आणि शुक्राणूचं डोकं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही नाही! इतर पेशींत हा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर सैलसर गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना बहुतेक हिस्टोन जातात, त्यांच्या जागी प्रोटामिन येतात. प्रोटामिनमध्ये आर्जिनिन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं, त्याचा भार धन; डीएनएचा ऋण. दोघं घट्ट बिलगतात आणि धाग्याची चुंबळ वळली जाते, हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशीच. एकेका चुंबळीत डीएनएच्या अक्षरांच्या साधारण ५०,००० जोड्या. मग शुक्राणू वृषणालगतच्या अधिवृषण या नळीतून सरकताना प्रोटामिनमधले गंधकाचे अणू एकमेकांना टाके घालतात. एवढ्या बंदोबस्तामुळे साठवणीत डीएनए सहसा पटकन तुटत नाही. पण तुटलाच तर शुक्राणूकडे दुरुस्तीची सोय जवळपास नाहीच. फलनानंतर अंडपेशी काही टाके घालते. फार फाटलं असेल तर गर्भ सुरुवातीलाच जिरतो आणि पिल्लं कमी होतात. मग नजर लागली म्हणून वाड्याला लिंबू-मिरची, नाहीतर 'ताकद वाढवणारी' पावडर.

"पण दुर्बिणीखाली वळवळतेत की!" हाही गैरसमजच. ट्रॅक्टर चालू आहे म्हणजे ट्रॉलीतला माल शाबूत, असं थोडंच? माल पाहायला अॅक्रिडीन ऑरेंज हा रंग वापरतात: शाबूत डीएनए हिरवा चमकतो, तुटल्यामुळे आम्लाने उसवलेला तांबडा. डोनाल्ड इव्हेन्सन आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी १९८० साली मांडली.

बाटली फ्रिजमधून काढायची हे त्यांना पटलं. "पण मग मे महिन्यात १७ अंश आणायचे कुठून?" बाहेर ४२. माठातलं पाणीही १७पर्यंत उतरत नाही. गरम-गार दोन्ही करणारी पेटी हवी आणि लाइट गेल्यावर तिला इन्व्हर्टर. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. लाइट जायची वेळ झाली होती.