हाकेच्या अंतरावर

उरलेल्या भिंतीवर फवाऱ्याच्या रंगाने काढलेली एक मोठी फुली. फुलीचे चार कोपरे म्हणजे चार रकाने. डावीकडे शोधपथकाची खूण, वर तारीख आणि वेळ, उजवीकडे आतला धोका (गॅसगळती, लोंबकळणारी वीजतार, अर्धवट लटकलेलं छप्पर) आणि खाली आकडा: किती माणसं सापडली, जिवंत किंवा मृत. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत, टॉर्नेडो वादळांनंतर, अमेरिकेतल्या टस्कलूसा आणि जॉप्लिन या शहरांमध्ये अशा फुल्या गल्लोगल्ली दिसत होत्या. एकेका भिंतीवर दोन-दोन, तीन-तीन, कारण पथकं पुन्हा पुन्हा येऊन गेली होती.

त्या फुलीतला खालचा रकाना मला सगळ्यांत अवघड वाटतो. ‘आत कोणी नाही’ असं खात्रीने लिहायचं, तर आत कोण असायला हवं होतं हे आधी माहीत पाहिजे. बाहेरगावहून आलेल्या पथकाला ते कुठून कळणार? ते ठाऊक असतं पलीकडच्या घरातल्या बाईंना. इथे एक आजोबा एकटेच राहतात, रात्रपाळीचा मुलगा या वेळी मागच्या खोलीत झोपलेला असतो, पोरं आज मावशीकडे गेली आहेत. नकाशावर आणि सरकारी नोंदींत न सापडणारी ही माहिती शेजाऱ्यांच्या डोक्यात असते. आपत्तीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सत्तर वर्षांपासून तिच्याकडे गंभीरपणे पाहत आले आहेत.

आधी त्या दिवसाविषयी. २७ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या आग्नेय भागात चोवीस तासांत दोनशेहून अधिक टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. एकट्या अलाबामा राज्यात ६२ टॉर्नेडो आणि सुमारे २५० मृत्यू. टस्कलूसा आणि बर्मिंगहॅम या शहरांना झोडपणारा एक टॉर्नेडो जवळजवळ १३० किलोमीटर जमिनीवरून फिरला. त्याचा पट्टा काही ठिकाणी दोन किलोमीटरांहून रुंद होता.

टॉर्नेडोला आपल्याकडे कुणी वावटळ म्हणतं, कुणी चक्रीवादळ. तो या दोन्हींहून वेगळा. वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, बहुधा निरभ्र आकाशाखाली. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसेंदिवस टिकतं. टॉर्नेडो प्रचंड गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच विरतो. तो कसा तयार होतो हे समजायला समईची वात आठवा. कापूस दोन तळव्यांमध्ये धरायचा, खालचा तळवा स्थिर ठेवायचा आणि वरचा पुढे सरकवायचा. कापूस गुंडाळत जातो, आडवी वात तयार होते. त्या दिवशी जमिनीलगतचा वारा एका वेगाने वाहत होता आणि काही किलोमीटर वरचा कितीतरी जास्त वेगाने, वेगळ्या दिशेने. मधली हवा वातीसारखी आडवी गरगरत होती. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा जोराने वर चढू लागली आणि तिने ही आडवी वात उभी केली. मग अख्खा ढगच फिरायला लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात अंगाशी घेतले की गिरकी वाढते, तसाच हा उभा स्तंभ जमिनीजवळ आकसला की वाऱ्याचा वेग भयंकर वाढतो. बहुतेक सुपरसेलमधून टॉर्नेडो उतरत नाही. त्या दिवशी मात्र ही सगळी सामग्री अनेक राज्यांवर एकाच वेळी जमली होती.

अंदाज चुकला नव्हता. ओक्लाहोमातल्या राष्ट्रीय वादळ अंदाज केंद्राने त्या दिवशी धोक्याची सर्वांत वरची पातळी जाहीर केली होती आणि टॉर्नेडोच्या इशाऱ्यांनंतर लोकांना सरासरी २४ मिनिटं मिळाली. पण पहाटेच वादळांची एक रांग अलाबामावरून गेली, लाखाहून अधिक घरांची वीज घालवून गेली. हवामानाचे इशारे प्रसारित करणारी काही रेडिओ केंद्रंही बंद पडली. खरं संकट दुपारनंतर आलं, तेव्हा अनेक घरांत टीव्ही मुका होता. अशा घरांत इशारा पोहोचला तो दुसऱ्या गावातल्या बहिणीच्या फोनने किंवा शेजाऱ्याने दारावर मारलेल्या थापेने.

इशारा ऐकला की माणूस लगेच पळतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. महिन्याभराने, २२ मे २०११ ला, मिसूरी राज्यातल्या जॉप्लिनमध्ये आणखी एक टॉर्नेडो आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे पहिला भोंगा टॉर्नेडोच्या सुमारे वीस मिनिटं आधी वाजला होता. नंतर हवामान खात्याने लोकांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी भोंगा ऐकून लगेच आसरा घेतला नव्हता. कुणी टीव्ही लावला, कुणी फोन केला, कुणी बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं, शेजारी काय करतोय ते पाहिलं. याला बेफिकिरी म्हणणं चूक आहे. धोक्याची बातमी माणूस दुसऱ्या माणसाशी ताडून पाहतो, हा आपला पक्का स्वभाव आहे. म्हणून मुलंबाळं घेऊन आसऱ्याला जाणारा शेजारी दिसला, तर तो दुसऱ्यांदा वाजलेल्या भोंग्याइतकं काम करतो.

हे सगळं शास्त्रज्ञांना कसं कळलं, याची कथा मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराला प्रश्न पडला होता: आपल्या शहरावर अणुबॉम्ब पडला तर लोक कसे वागतील? सैरावैरा पळतील, लुटालूट करतील, एकमेकांना तुडवतील? शिकागो विद्यापीठाच्या राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राला लष्कराने या अभ्यासासाठी पैसे दिले. २१ मार्च १९५२ ला आर्कान्सामधल्या जुडसोनिया आणि आसपासच्या गावांवर टॉर्नेडो कोसळला, तेव्हा चार्ल्स फ्रिट्झ आणि त्यांचे सहकारी तिथे गेले आणि घरोघरी बसून मुलाखती घेतल्या. ते शोधत होते चेंगराचेंगरी. सापडलं ते भलतंच. लोकांनी आधी घरच्यांना शोधलं, मग शेजारच्या घराकडे धाव घेतली. पुढच्याच वर्षी, ८ जून १९५३ ला, मिशिगनमधल्या बीचरला टॉर्नेडोने ११६ माणसांचा बळी घेतला. तिथल्या अभ्यासातही पहिल्या तासांत माणसं बाहेर काढण्यात नातेवाईक आणि शेजारीच पुढे होते. याच धाग्यातून १९६३ मध्ये ओहायोत आपत्ती संशोधन केंद्र उभं राहिलं आणि भूकंप, पूर, स्फोट अशा शेकडो घटनांमध्ये तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसत गेलं.

बीचरनंतर दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरवर टॉर्नेडो आला. ९४ माणसं गेली. मानववंशशास्त्रज्ञ अँथनी वॉलेस यांनी तिथल्या लोकांचं बारकाईने वर्णन केलं. थेट तडाख्यात सापडलेल्यांपैकी काही जण सुन्न होऊन ढिगाऱ्यावर बसून राहत, विचारलं तर ‘मी ठीक आहे’ म्हणत, आणि प्रत्यक्षात जखमी असत. मेंदूच बधिर झालेला माणूस स्वतःची अवस्था स्वतः सांगू शकत नाही. त्याला खांद्याला धरून हलवणारं कुणीतरी लागतं.

पहिल्या तासात शेजारी इतके उपयोगी का ठरतात? एक कारण बांधकामात आहे. अलाबामातली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. ती कोसळतात तेव्हा ढिगारा भयंकर दिसतो, पण फळ्या, चौकटी, छताचे तुकडे चार-पाच जणांना हातांनी उचलता येतात. किल्लारीच्या भूकंपाशी तुलना केली की फरक कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव झोपलेलं असताना, जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं एकदम खाली आली. धावणारे तिथेही गावकरीच होते, हातांनी आणि टिकावांनी उपसणारे. पण माती-दगडांत हवेला जागा उरत नाही. घर कशाचं आहे यावर शेजाऱ्याच्या हातांना किती वेळ मिळणार, हे ठरतं.

दुसरं कारण आवाजाचं. ढिगाऱ्याखालून आलेली किंकाळी लाकूड, गादी, मातीच्या थरांत मुरते. पाइपवर किंवा भिंतीवर केलेली ठकठक मात्र घन पदार्थातून दूरपर्यंत जाते. म्हणून शोध घेताना मधूनमधून सगळी यंत्रं बंद करतात, एक जण हाक मारतो आणि बाकीचे श्वास रोखून ऐकतात. बर्मिंगहॅमचे टीव्ही हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन लोकांना वारंवार सांगतात की आसऱ्याला जाताना डोक्यावर हेल्मेट आणि पायांत बूट घाला, जवळ शिट्टी ठेवा. घसा बसला तरी शिट्टी वाजत राहते.

बुटांचा मुद्दा क्षुल्लक नाही. इलिनॉयमधल्या मॅरियन गावी १९८२ साली आलेल्या टॉर्नेडोनंतर दुखापतींचा हिशेब मांडला गेला. निम्म्या दुखापती वादळ निघून गेल्यावर झालेल्या होत्या: कुणाला सोडवताना, आवराआवर करताना. जवळजवळ एक तृतीयांश जखमा खिळ्यावर पाय पडून झाल्या होत्या. मदतीला धावणाऱ्याने आधी पायांत जाड तळव्याचे बूट घालावेत, खाली पडलेली प्रत्येक तार जिवंत समजावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी, हे मी कळकळीने लिहितो आहे. जखमी शेजारी कुणाच्याच कामाचा राहत नाही.

पहिला दिवस सरतो, बातम्यांच्या गाड्या निघून जातात आणि शेजाऱ्यांचं दुसरं काम सुरू होतं. हा भाग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. २७ एप्रिलच्या टॉर्नेडोंनी उत्तर अलाबामातले उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे इतके पाडले की वीज कित्येक दिवस नव्हती. ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचाही बाहेरचा वीजपुरवठा तुटला आणि अणुभट्ट्या सुरक्षितपणे बंद कराव्या लागल्या. वीज नाही म्हटल्यावर घरोघरी जनरेटर चालू होतात. त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि वादळानंतर दमलेल्या माणसाला वाटतं, थकवा असेल, जरा पडतो. तो पडतो तो उठत नाही. विषबाधा झालेलं घर आतून ओळखणं जवळपास अशक्य असतं. दार वाजवून ‘जनरेटर कुठे ठेवलाय? खिडकीपासून लांब ना?’ असं विचारणारा बाहेरच्या ताज्या हवेतून आलेला असतो, म्हणूनच त्याला ते दिसतं.

जॉप्लिनमध्ये जखमांची वेगळीच गोष्ट घडली. उडत्या लाकडांनी आणि मातीने झालेल्या जखमा धुऊन, टाके घालून लोक सावरत होते. काही दिवसांनी काही जखमांच्या कडा काळ्या पडू लागल्या. तपासणीत मातीत राहणारी एक बुरशी निघाली. १३ जणांना म्युकरमायकोसिस झाला आणि त्यांतले ५ जण गेले. २०२१ च्या करोना लाटेत महाराष्ट्राने ‘काळी बुरशी’ हा शब्द ऐकला, तो याच रोगगटाचा; बुरशीची जात वेगळी, शरीरात शिरण्याची वाट वेगळी. अशा वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी ‘पट्टी काढून दाखवा बघू’ म्हणणारं कुणी असलं, तर रुग्णालय वेळेत गाठता येतं.

पण ज्याला शेजारीच ओळखत नाहीत, त्याचं काय? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिलच्या त्या टॉर्नेडोंमधले पाच राज्यांतले ३३८ मृत्यू तपासले. त्यांतले साधारण एक तृतीयांश वृद्धांचे होते, आणि सुमारे एक चतुर्थांश मृत्यू फिरत्या घरांत, म्हणजे पायाशिवाय उभ्या केलेल्या हलक्या घरांत झाले होते. अशा घरातला एकटा म्हातारा माणूस वादळाआधीही शेजाऱ्यावर अवलंबून असतो, कारण त्याने जायचं ते कुणाच्या तरी पक्क्या घरात किंवा तळघरात. ते दार आपल्यासाठी उघडेल की नाही, हे त्याला आधीपासून माहीत असावं लागतं.

जॉप्लिनमध्ये सरकारने बेपत्ता लोकांची पहिली यादी काढली, तेव्हा तिच्यात २३२ नावं होती. ती जाहीर झाल्यावर फोन येऊ लागले: हे तर माझ्याकडे आहेत, त्या बहिणीकडे गेल्यात, त्यांना मी काल पाहिलं. अनेक नावं अशीच यादीतून उतरली.

२७ एप्रिलच्या टॉर्नेडोंनंतर उत्तर अलाबामातल्या एका बाईंना अंगणात लोकांचे फोटो आणि कागद पडलेले दिसले. आभाळातून आलेले. त्यांनी फेसबुकवर पान उघडलं: हे कुणाचं आहे? शेकडो लोक आपापल्या अंगणात सापडलेल्या वस्तू तिथे टाकू लागले, आणि ढिगाऱ्यात बसलेली माणसं त्या ओळखू लागली. जॉर्जिया विद्यापीठातले जॉन नॉक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांतल्या ९३४ वस्तू कुठून उडाल्या आणि कुठे पडल्या, हे नकाशावर मांडलं. टॉर्नेडो वस्तू किती उंच आणि किती दूर नेतो, याची इतकी तपशीलवार नोंद आधी क्वचितच मिळाली होती. फिल कॅम्पबेल या उद्ध्वस्त झालेल्या गावातला एक फोटो सुमारे ३५० किलोमीटर दूर, टेनेसी राज्यातल्या लेनोअर सिटीत जाऊन पडला होता. तिथल्या कुणीतरी तो उचलला, पुसला आणि विचारलं, हे कुणाचं आहे?