पेट स्कॅन म्हणजे नुसतं बिल फुगवणं? खुलासा

‘पेट स्कॅन कशाला? डॉक्टर उगाच खर्चात टाकतात,’ हे कॅन्सर वॉर्डाबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. प्रत्येक वेळी ते खरं नसतं. पेट स्कॅन म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे सक्रिय आहे, हे दाखवणारी तपासणी.

तोंड-घशाचा कॅन्सर मानेच्या गाठींत पसरला, की केमो-रेडिएशननंतरही सरसकट मानेचं ऑपरेशन करायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर याची तुलना झाली. निष्कर्ष २०१६ साली आले. निम्म्यांचं ठरल्याप्रमाणे ऑपरेशन. उरलेल्यांचं उपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी (पेट आणि सीटी स्कॅन एकत्र), आणि शंका वाटली तरच ऑपरेशन. पहिल्या गटात २२१ ऑपरेशनं झाली, स्कॅनच्या गटात फक्त ५४. दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ८१.५ आणि ८४.९ टक्के, म्हणजे स्कॅनवाले कुठेही मागे नाहीत. वर माणशी सुमारे १,४९२ पौंड वाचले.

या ऑपरेशननंतर कित्येकांचा खांदा उतरतो, केसांतून कंगवा फिरवायलाही हात वर जात नाही. टळलेला हा त्रास कुठल्या बिलात दिसणार?

मात्र प्रत्येक स्कॅन गरजेचा, असंही नाही. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर काही लक्षण नसताना दरवर्षी पेट करायला मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. म्हणून डॉक्टरांना बेधडक विचारा: ‘या रिपोर्टनं उपचार बदलणार आहेत का?’